तुकडी जिल्हा, पोटतुकडी तालुका

घरातल्या लोखंडी कपाटात, बहुतेक वेळा सर्वांत खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक खरेदीखत असते. ते काढून वाचा. देणार-घेणारांची नावे आणि वये संपली, की एक वाक्य येते: ‘तुकडी जिल्हा सातारा, पोटतुकडी तालुका कराड पैकी मौजे अमुक येथील, ग्रामपंचायत हद्दीतील’. मग गट नंबर, क्षेत्र, आकार. मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण, पश्चिमेस ओढा, उत्तरेस रस्ता. रजिस्टर कचेरीतला लेखनिक हे वाक्य दिवसातून दहा वेळा लिहितो आणि आपण न वाचता त्याखाली सही करतो. मला मात्र ते वाक्य एखाद्या नकाशासारखे वाटते. एकाच जमिनीवर एकावर एक अंथरलेल्या पाच-सहा जाळ्या त्यात दिसतात, आणि त्यांतली एक जाळी ठरवते की उद्या भांडण झाले तर तुम्ही कुणाच्या दारात उभे राहणार.

साताऱ्यातल्या शाहूपुरीचे घ्या. अनेक वर्षे ती शहराला चिकटून होती, पण कारभार ग्रामपंचायतीचा. सप्टेंबर २०२० मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ झाली, आणि शाहूपुरीसह आजूबाजूचा भाग नगरपालिकेत आला. घर जागचे हलले नाही. घरपट्टीची पावती बदलली, कचऱ्याची गाडी बदलली, निवडून द्यायचा सदस्य बदलला. कोर्ट बदलले का? नाही. बांधाचा, वाटणीचा, भाडेकरूचा दावा आदल्या दिवशी साताऱ्यातल्या ज्या न्यायालयात लागला असता, तिथेच तो दुसऱ्या दिवशीही लागणार होता. कारण दिवाणी न्यायालयाची स्थळसीमा सहसा तालुका आणि मौजे यांवर आखलेली असते. घरपट्टी कोण वसूल करतो, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

या प्रत्येक जाळीचा विणकर वेगळा आहे. जिल्हा आणि तालुका महसूल विभाग आखतो, १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे. नगरपालिकेची हद्द नगरविकास विभागाकडे, ग्रामपंचायतीची ग्रामविकासकडे, पोलीस ठाण्याची गृह विभागाकडे. न्यायालयांचा विषय विधी व न्याय विभाग आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये चालतो. मतदारसंघ आखायला तर परिसीमन आयोगच लागतो. म्हणूनच फलटणच्या माणसाचा खासदार माढ्याचा असतो, शिराळ्याच्या माणसाचा हातकणंगल्याचा असतो, पण पहिल्याचे जिल्हा न्यायालय साताऱ्यालाच आणि दुसऱ्याचे सांगलीलाच. एकाच उंबऱ्यावरून इतक्या रेषा जातात आणि त्यांतली एकही डोळ्यांना दिसत नाही.

कोर्टाची रेषा कोण ओढतो, हे तर आणखी नवलाचे. दिवाणी न्यायालयांचा आपला मूळ कायदा १८६९ चा आहे, म्हणजे साताऱ्यात अजून रेल्वेही आली नव्हती तेव्हाचा. प्रत्येक जिल्ह्याला एक जिल्हा न्यायालय, आणि त्या हद्दी बदलायचा अधिकार सरकारला, ही चौकट तेव्हापासूनची. फौजदारी बाजूला सत्र विभाग म्हणजे एक जिल्हा किंवा काही जिल्हे मिळून. राज्य सरकार उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून ही हद्द ठरवते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तरी हे तसेच राहिले. पण त्याच्या खाली, कुठल्या न्यायदंडाधिकाऱ्याने कुठल्या भागातली प्रकरणे बघायची, ती हद्द जिल्ह्याचे मुख्य न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली स्वतःच ठरवू शकतात. म्हणजे नकाशाचा सर्वांत बारीक तुकडा न्यायाधीशाच्याच लेखणीने कापला जातो, आणि व्यवहारात ती वाटणी बहुधा पोलीस ठाण्यांप्रमाणे होते. शाहूपुरीला नगरपालिका मिळाली त्याआधीच शाहूपुरी पोलीस ठाणे होते, हे इथे आठवावे. जाळ्या एकमेकींची वाट बघत नाहीत.

आता मागे जाऊ. जमिनीवर रेषा ओढून कोर्टाची हद्द ठरवायची, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांचे कागद वाचताना एक सुंदर शब्द भेटतो: थळ. थळ म्हणजे निवाड्याची जागा. गावच्या गोतसभेवर, देशमुख-देशपांड्यांवर एखाद्या वादीचा विश्वास नसेल, तर तो परस्थळ मागू शकत असे. म्हणजे माझा निवाडा इथे नको, दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे होऊ दे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पुण्यात न्यायाधीश होते, तेव्हाही न्यायाचे बळ ठिकाणापेक्षा माणसांत आणि गोतात होते. इंग्रज आल्यावरही काही काळ न्याय माणसाच्या पायरीप्रमाणे वाटलेला होता. दख्खनच्या सरदारांसाठी वेगळा एजंट होता, आणि वर्गवारीतल्या सरदारांचे दावे सर्वसाधारण अदालतीऐवजी त्याच्यापुढे चालत. एकाच वाड्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोघांची कोर्टे वेगळी असू शकत होती, कारण एक सरदार आणि दुसरा रयत. जमिनीवरची रेषा आली आणि तिने हा भेद मोडला. अमक्या हद्दीत राहतोस ना, मग तू कुणीही अस, तुझे कोर्ट हे. आज कोरडी वाटणारी ‘स्थळसीमा’ एकेकाळी समतेचे पाऊल होती, असे मला मनापासून वाटते.

पण त्या रेषेचे रूप काय होते! १८४८ मध्ये छत्रपतींचे सातारा राज्य कंपनीने खालसा केले, तरी भोवतीची संस्थाने शंभर वर्षे टिकली. औंध, फलटण, जत, सांगली, थोरली आणि धाकटी मिरज. नकाशा आजीच्या गोधडीसारखा होता, एका रंगाचा तुकडा दुसऱ्या रंगाच्या मधोमध. सांगली संस्थानाचे सहा तालुके ऐका: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, तेरदाळ बागलकोटमध्ये, शिरहट्टी गदगमध्ये. आणि शहापूर म्हणजे बेळगावला लागून असलेली पेठ, आज बेळगाव शहराचाच भाग. बेळगाव इंग्रजांचे, शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे. बेळगावचे जिल्हा न्यायालय पायी जाण्याच्या अंतरावर, पण शहापूरच्या माणसाचा न्याय सांगलीच्या दरबाराशी बांधलेला, आणि सांगली तिथून कित्येक मजल दूर.

याहून विलक्षण गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आहे. तासगाव इंग्रजी मुलुखात होते, सांगली संस्थानात. दोन्हींत अंतर फार तर २५ किलोमीटर. तरीही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दृष्टीने संस्थानी न्यायालय हे ‘विदेशी न्यायालय’ होते. सरकारने त्या संस्थानापुरती खास अधिसूचना काढली असेल तरच तिथल्या हुकूमनाम्याची बजावणी इंग्रजी हद्दीत आपल्या हुकूमनाम्यासारखी होई. ती नसेल, तर सांगलीत जिंकलेला दावा तासगावात परका. बाजार एक, भाषा एक, सोयरीक एक, नदी एक, आणि निकाल परदेशी. हा धागा स्वातंत्र्यानंतरही लवकर तुटला नाही. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये दिलेला एक हुकूमनामा अलाहाबादेत बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवले. संस्थाने जाऊन बारा-चौदा वर्षे झाली होती, तरी त्यांच्या हद्दी कागदात जिवंत होत्या.

या शिवणींचा उपयोग लोकांनीही करून घेतला. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे केंद्र कुंडल. कुंडल होते औंध संस्थानात, भोवती इंग्रजी गावे. इंग्रजी पोलिसांचा हुकूम संस्थानच्या वेशीपाशी अडखळे आणि भूमिगतांना त्या फटीत आसरा मिळे. पण मला याहून मोलाचे वाटते ते प्रतिसरकारचे न्यायदान मंडळ. गावातच बसून, फी न घेता, दोन्ही बाजू समोर ठेवून ही मंडळे तंटे मिटवत. त्यांच्या काही शिक्षा कठोर होत्या आणि त्यांवर वादही झाले, ते लपवायचे कारण नाही. तरी लोक तिकडे का वळले, हे समजून घेताना अंतर विसरता येत नाही. साताऱ्याचे जिल्हा न्यायालय वाळव्याच्या किंवा खानापूरच्या टोकाला राहणाऱ्याला किती लांब होते! बैलगाडी, मग स्टेशन, मग मुक्काम, वकील, आणि शेवटी पुढची तारीख. कोर्ट आपल्या पारावर आले, ही भावना त्या काळात केवढी मोठी असेल.

८ मार्च १९४८ ला दख्खनची संस्थाने विलीन झाली आणि गोधडीचे टाके उसवले. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे इंग्रजी मुलुखातले भाग, आणि सांगली, मिरज, जत, आटपाडी, कुंडल हे संस्थानी भाग, असे सगळे दक्षिण साताऱ्यात एकत्र आले. कालपर्यंत एकमेकांना ‘विदेशी’ असणारी न्यायालये एका जिल्हा न्यायाधीशाखाली आली आणि सांगली हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. २१ नोव्हेंबर १९६० ला जिल्ह्याचे नावही सांगली झाले.

त्यानंतरची गोष्ट हळूहळू जवळ येण्याची आहे. १९६५ मध्ये आटपाडी आणि कवठे महांकाळ हे तालुके झाले. १९९९ मध्ये पलूस, २००२ मध्ये कडेगाव. तालुका झाला की तहसील कचेरी लगेच येते, कोर्ट मागून येते. इमारत लागते, न्यायाधीशाचे पद मंजूर व्हावे लागते, नाझर, बेलिफ, लघुलेखक लागतात. मग एक दिवस जुन्या तालुक्याच्या कोर्टातून बस्ते बांधून फाइली नव्या कोर्टात जातात. चालू दावा हरवत नाही. कायदा सांगतो की काम दुसऱ्या न्यायालयाकडे गेले, तर जुन्याचे अधिकार नव्याला मिळतात. साक्ष जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. फक्त म्हाताऱ्या वादीची एस. टी. बदलते, आणि बहुतेक वेळा तिकीट कमी होते.

नावांतसुद्धा या रेषांचा इतिहास साचला आहे. तालुका माण, पण कोर्ट दहिवडीला. तालुका खटाव, कोर्ट वडूजला. तालुका जावळी, कोर्ट मेढ्याला. सांगलीकडे तालुका खानापूर, कोर्ट विट्याला. तालुका वाळवा, कोर्ट इस्लामपूरला, जे आता ईश्वरपूर झाले आहे. वाळवा आणि खटाव ही गावे आजही आपापल्या जागी आहेत, आणि तिथल्या माणसाला आपल्याच गावाच्या नावाच्या तालुक्याचे कोर्ट गाठायला दुसऱ्या गावाला जावे लागते. एसटीच्या पाटीवर वडूज वाचून तिथे उतरायचे आणि दाव्यात ‘तालुका खटाव’ लिहायचे.

इथे कुणालाही प्रश्न पडेल. नगरपालिकांच्या हद्दी इतक्या बदलतात, तर कोर्टाच्या हद्दी त्यांना जुळवून का घेत नाहीत? सांगलीचेच बघा. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. महापौर एक, आयुक्त एक, पाणीपट्टी एक. पण मिरजेत स्वतःचे न्यायालय आहे, जिल्हा न्यायालय सांगलीत, आणि गंमत म्हणजे सांगली शहर तालुक्याच्या हिशेबात मिरज तालुक्यात मोडते. सांगलीचे जिल्हा न्यायालय आता जुन्या राजवाड्याच्या आवारातून सांगली-मिरज रस्त्यावर विजयनगरला गेले आहे, दोन्ही शहरांच्या मधोमध. हद्द बदलली नाही, इमारतच सरकून मधे येऊन बसली. एका शहराला एकच न्यायव्यवस्था असावी, हे ऐकायला बरोबर वाटते. पण मला तरी तालुक्याची जुनी रेषा अधिक शहाणी वाटते. नगरपालिका वाढते, गावे गिळते, कधी हरकती आल्या की एखादे गाव वगळले जाते. प्रत्येक हद्दवाढीबरोबर कोर्ट बदलू लागले, तर वीस वर्षे चाललेला वाटपाचा दावा पुन्हा पुन्हा बस्त्यात बांधावा लागेल. मौजे मात्र क्वचितच हलते. गट नंबर तोच राहतो आणि सातबाऱ्यावरचे गाव तेच राहते.

रेषा नदीतून जात असेल तर? वारणा सांगली आणि कोल्हापूर यांच्या मधून वाहते, नीरा सातारा आणि पुणे यांच्या मधून. पूर येतो, काठ खचतो, गाळ साचून मळई होते, आणि ऊस कुणाच्या हद्दीत उगवला यावर भांडण होते. जमिनीचा दावा जमीन असेल त्या कोर्टात लावायचा, हा नियम. पण जमीन कुठल्या हद्दीत आहे हेच कळत नसेल तर काय, याचीही सोय १९०८ च्या संहितेत आहे, कलम १८. दोन न्यायालयांपैकी कुणाच्या हद्दीत मिळकत आहे याबद्दल खरोखर अनिश्चितता असेल, तर त्यांतले कुठलेही एक न्यायालय तसे नोंदवून दावा पुढे चालवू शकते. आपली हद्द कुठे संपते हे आपल्याला ठाऊक नाही, असे कोर्टाने स्वतःच्या सहीने लिहायचे आणि तरी न्याय द्यायचा! माझ्या मते संपूर्ण संहितेतली ही सर्वांत माणुसकीची ओळ आहे. तिच्या मागेच कलम २१ उभे आहे. कोर्ट चुकीच्या ठिकाणचे आहे ही तक्रार सुरुवातीलाच करायची. निकाल विरुद्ध गेल्यावर ती आठवून चालत नाही.

जगात इतरत्र उलटा प्रवासही झाला. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने काउंटी कोर्टे निघाली, प्रत्येकाचा आपला जिल्हा. २२ एप्रिल २०१४ ला तिथे ते जिल्हे पुसून सगळ्या इंग्लंड-वेल्ससाठी कायद्याने एकच काउंटी कोर्ट झाले, बसण्याची ठिकाणे तेवढी अनेक राहिली. त्याच महिन्यात बेल्जियमने २७ न्यायिक विभाग १२ वर आणले, बहुतेक प्रांतांच्या हद्दींना जुळवून. तिथे रेषा मोठ्या झाल्या, आपल्याकडे बारीक होत गेल्या. त्यांच्याकडे आगगाडी दर अर्ध्या तासाला असते आणि आपल्याकडे पाटणच्या खोऱ्यात दिवसातून दोनदा गाडी येते, हे लक्षात घेतले तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणि मग १८ ऑगस्ट २०२५ उजाडला. त्या दिवसापासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. हद्द सहा जिल्ह्यांची: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. या जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसहून अधिक वर्षे हे मागितले होते. आंदोलने, ठराव, कामबंद, सगळे झाले. आणि ज्या कलमाने हे घडले ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातले ५१(३). मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने उच्च न्यायालयासाठी बसण्याचे आणखी एक ठिकाण ठरवायचे, बस एवढेच. याच कलमाने १९८१ मध्ये औरंगाबादला बेंच बसले होते. कायद्याचे एक पान आणि एक अधिसूचना, आणि सांगलीच्या पक्षकाराचा उच्च न्यायालयापर्यंतचा रस्ता जवळजवळ पावणेचारशे किलोमीटरवरून पन्नासवर आला.

तरी या रेषेकडेही बारकाईने बघायला हवे. शिराळ्याच्या माणसाला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते, मुंबईत नातेवाइकाकडे अंथरूण मागावे लागत नाही. पण सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नीरेच्या काठी शिरवळ आहे. तिथून कोल्हापूर १८० किलोमीटर आणि मुंबई २००. तिथल्या माणसाच्या दृष्टीने फारसे काही जवळ आले नाही, फक्त गाडीची दिशा बदलली. हद्द जिल्ह्याप्रमाणे आखली की असेच होते, आणि जिल्हा फोडून आखली असती तर साताऱ्याच्या एकाच जिल्हा न्यायालयाच्या निकालांवर दोन ठिकाणी अपिले गेली असती. शिरवळकरांनी ही ओढाताण सोसली म्हणून बाकीच्यांचा नकाशा सुटसुटीत राहिला, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे.

आता ते खरेदीखत पुन्हा पिशवीत घालण्याआधी त्याच कपाटात थोडे आणखी शोधा. पलूस, तासगाव, विटा या बाजूला घर असेल, तर आजोबांच्या काळातला एखादा कागद सापडेल, १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतला. कागद पिवळा, घड्या पडलेल्या, शाई तपकिरी झालेली. चतुःसीमा आजच्याच असतील, तोच ओढा पश्चिमेस, तेच मौजे. फक्त त्या नेहमीच्या वाक्याच्या सुरुवातीला लिहिलेले असेल: तुकडी जिल्हा दक्षिण सातारा.